ब्राह्म्सच्या चेलो सोनाटात पियानो चेलोला झाकून टाकतो, असं तुम्हालाही वाटतं का?

मंद्रसप्तक
नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात जर्मन संगीतकार ब्राह्म्सचा ई मायनर चेलो सोनाटा (ओपस, म्हणजे रचना क्रमांक, ३८) पहिल्यांदाच समोर बसून ऐकला. रेकॉर्डिंगवर तो कानात मुरलेला आहे, ड्यू प्रे (चेलो) आणि बॅरेनबॉइम (पियानो) यांचं १९६८ सालचं रेकॉर्डिंग मी किती वेळा ऐकलं असेल सांगता येणार नाही, त्यात चेलो कसा अगदी आपल्या पुढ्यात येऊन बोलतो. प्रत्यक्षातही सुरुवात सुंदर झाली. चेलो सगळ्यात खालच्या तारेवरून एकटाच हळूहळू वर चढतो, पियानो ठोक्याची जागा सोडून मधेमधे हलके कॉर्ड देत राहतो, अंगावर काटा आला.

पण तिसऱ्या मूव्हमेंटला, म्हणजे शेवटच्या भागात, पियानोने असा काही जोर धरला की चेलोवाल्याचा गज जीव खाऊन हलताना दिसत होता आणि आवाज अधूनमधूनच पोचत होता. बाहेर पडताना शेजारचे आजोबा म्हणाले, "पियानोवाल्याने खाल्लं हो त्याला."

तर प्रश्न असा की यात दोष कोणाचा? वाजवणाऱ्याचा, हॉलचा, की ब्राह्म्सनेच तसं लिहून ठेवलंय? आणि त्यानेच लिहिलं असेल तर ऐकणाऱ्याने कान नेमका कुठे लावायचा? जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

बिनसाखर
+१. मलाही कायम हाच प्रश्न पडतो. वाचतोय.

काळीपांढरी
मी पियानो शिकवते, त्यामुळे माझा कल कुठे असणार ते सांगायला नको :)

मंद्रसप्तक, आपण सगळे 'चेलो सोनाटा' म्हणतो, पण ब्राह्म्सने छापील प्रतीवर 'पियानो आणि चेलोसाठी सोनाटा' असं लिहिलंय, पियानोचं नाव आधी. ती बीथोव्हेनपासूनची रीत. बीथोव्हेनचे पहिले दोन, ओपस ५ चे, १७९६ सालचे, त्यात पियानो सरळसरळ मोठा भाऊ आहे. मग ओपस ६९ मध्ये तो चेलोला एकट्याने सुरुवात करायला देतो. ब्राह्म्सने १८६२ साली हा सोनाटा लिहायला घेतला आणि तिसरी मूव्हमेंट १८६५ साली जोडली, तेव्हा ही सगळी परंपरा त्याच्या समोर होती आणि तो स्वतः जबरदस्त पियानोवादक होता. त्याने पियानोला मागे बसायला सांगितलेलंच नाही.

एक किस्सा फार प्रसिद्ध आहे. हा सोनाटा ज्यांना अर्पण केलाय ते योसेफ गेन्सबाखर गाणं शिकवायचे आणि हौसेने चेलो वाजवायचे. एका खाजगी बैठकीत दोघं वाजवत होते म्हणे, ब्राह्म्स इतका धडाक्याने वाजवायला लागला की गेन्सबाखर ओरडले, अहो मला माझा चेलो ऐकू येत नाहीये! त्यावर ब्राह्म्सचं उत्तर, नशीबवान आहात!

बिनसाखर
हाहाहा. म्हणजे दोषी सापडला की! लावा कुलूप धाग्याला.

आडाचौताल
थांबा, कुलूप नको. मी मुळात आपल्या शास्त्रीय संगीताचा श्रोता, हे पाश्चात्य प्रकरण अलीकडेच ऐकायला लागलोय. आमच्याकडे पेटीवाल्याने गवयाचा आवाज असा झाकला तर मध्यंतरात त्याला चार शब्द ऐकवले जातात. जुगलबंदी असेल तर गोष्ट वेगळी, पण तिथेही एकाची बढत चालू असताना दुसरा थांबतो, जागा देतो, मान हलवून दाद देतो. दोघं सतत, आणि एवढ्या जोराने? मला तरी हे पटायला जड जातं. किस्सा मजेदार आहे, पण गेन्सबाखरांची तक्रार रास्त होती असंच मी म्हणेन.

काळीपांढरी
आडाचौताल, जागा देणं इथेही आहेच, फक्त ते आधीच लिहून ठेवलेलं आहे. सुरुवातीचंच घ्या. चेलो चाल मांडतो तेव्हा पियानो नुसते तुटक कॉर्ड देतो. चाल संपली की तीच पियानो घेतो आणि चेलो खाली सरकून साथीला लागतो. ही अदलाबदल पकडता आली की अर्धं काम झालं.

आणखी एक गोष्ट फारशी कोणाला माहीत नसते. चेलोवाल्याच्या समोर फक्त त्याच्या ओळीचा कागद असतो. पियानोवाल्याच्या कागदावर मात्र पियानोच्या दोन ओळी आणि त्यांच्या वर बारीक अक्षरात चेलोची ओळही छापलेली असते. म्हणजे पूर्ण रचना डोळ्यांसमोर असते ती पियानोवाल्याच्या. चेलोवाल्याने श्वास कुठे घेतला, गज कुठे उलटला, हे त्याला सतत बघावं लागतं, तेही बऱ्याचदा चेलोवाल्याच्या पाठीकडे बघून, कारण पियानो मागे असतो. जबाबदारी मोठी आहे. म्हणूनच तिसऱ्या मूव्हमेंटला पियानोवाला नुसता सुटला असेल तर त्याला माफी नाही, या बाबतीत मी तुमच्या शेजारच्या आजोबांच्या बाजूने.

गजवाला
उशिरा आलो. हौशी चेलोवादक आहे, हा सोनाटा वाजवायला घेतलाय, सध्या पहिल्याच मूव्हमेंटला घाम फुटलाय, त्यामुळे जरा लांब लिहितो.

आधी आवाजाचं गणित. चेलोची सगळ्यात जाड तार म्हणजे सी, साधारण ६५ हर्ट्झ. ब्राह्म्सने या सोनाटात चेलोला बराच वेळ खालच्या तारांवर ठेवलंय, आणि पियानोचा डावा हात नेमका त्याच पट्ट्यात फिरत असतो. दोन जाड आवाज एकाच जागी आले की ज्याचा आघात स्पष्ट तो जिंकतो, आणि हातोडीचा आघात गजापेक्षा स्पष्ट असणारच. वरची ए तार असती तर चेलो पियानोच्या डोक्यावरून आरपार गेला असता, पण मग तो काळोखा, घट्ट रंग मिळाला नसता ज्यासाठी आपण हा सोनाटा ऐकतो.

पण पियानोची एक कमजोरी आहे. त्याचा सूर वाजल्या क्षणापासून विरायला लागतो. चेलोवाला तोच सूर धरून ठेवू शकतो, वाढवू शकतो. त्यामुळे चांगला चेलोवाला पियानोच्या ठोक्याशी मारामारी करत नाही, ठोका पडू देतो आणि तो विरत असताना आपला सूर फुलवतो. माझे शिक्षक सारखं हेच सांगतात. प्रत्यक्ष बघायला मिळालं तर गजाकडे बघा, लांब सुराच्या सुरुवातीला तो सावकाश जातो आणि नंतर वेग घेतो.

आता पियानो. ब्राह्म्सच्या व्हिएन्नातल्या घरी श्ट्रायखरचा पियानो होता. त्या घडणीच्या पियानोंमध्ये तारा सरळ, एकमेकींना समांतर. आजच्या ग्रँडमध्ये खर्जाच्या तारा बाकीच्या तारांवरून तिरप्या जातात, स्टाइनवेने त्याचं पेटंट १८५९ साली घेतलं आणि पुढे सगळ्यांनी तीच पद्धत उचलली. सरळ तारांच्या पियानोत खर्ज पातळ आणि लवकर विरणारा, तिरप्या तारांच्या नऊ फुटी कॉन्सर्ट ग्रँडमध्ये तोच खर्ज भरगच्च आणि लांबणारा. कागदावरचे स्वर तेच, हॉलमध्ये वजन दुप्पट. तेव्हा चेलोला आतड्याच्या तारा होत्या, आज बहुतेक जण धातूच्या लावतात, त्याने चेलोचीही ताकद वाढलीय, पण खालच्या पट्टीत पियानोइतकी नाही.

म्हणून माझं मत असं की दोष ब्राह्म्सचा नाही, आजचा पियानो कालच्यासारखा समजून बडवणाऱ्याचा आहे. डाव्या हाताचं वजन काढून घेतलं आणि पेडल कमी केलं तर सगळं ऐकू येतं.

पेडगावची_पमा
गजवाला, काय सुंदर लिहिलंत! वाचनखूण साठवली. गज सुराच्या मधे वेग घेतो हे इतकी वर्षं कार्यक्रम बघूनही डोळ्यांत भरलं नव्हतं.

थेम्सकाठचा
लंडनहून. झाकणाबद्दल कोणीच बोललं नाही! काही पियानोवादक झाकण पूर्ण उघडतात, काही छोट्या काठीवर अर्धवट ठेवतात. अर्धवट ठेवलं की आवाज दबतो पण गढूळही होतो, त्यामुळे अनेक चांगले वादक पूर्ण उघडंच ठेवतात आणि बोटांनी सांभाळतात. शिवाय बरेच चेलोवादक पोकळ लाकडी चौथऱ्यावर बसतात, चेलोच्या खालचा टोकदार दांडा त्यात रोवला की चौथरा सुद्धा थोडा गुंजतो आणि खर्जाला मदत होते. मंद्रसप्तक, तुमच्याकडे चौथरा होता का? आणि तुम्ही कुठे बसला होतात?

मी विगमोर हॉलला नेहमी जातो. १९०१ सालचा हॉल, साडेपाचशेच्या आसपास खुर्च्या, चेंबर म्युझिकसाठी, म्हणजे मोजक्या वादकांच्या संगीतासाठीच बांधल्यासारखा. रविवारी सकाळी तासाभराचे कार्यक्रम असतात आणि संपल्यावर कॉफी किंवा शेरी देतात, आमच्या घरचे शेरीसाठी येतात असा माझा संशय आहे. पण मुद्दा असा की तिथे सुद्धा पहिल्या दोन-तीन रांगांत ऐकताना आणि मागून ऐकताना तोल वेगळा वाटतो. अगदी पुढे गजाची खरखर, बोटांचा आवाज, श्वास, सगळं मिळतं पण दोन वाद्यं अलग पडतात. मागे ती एकमेकांत मिसळतात. मला मागचं आवडतं.

मंद्रसप्तक
सगळ्यांचे मनापासून आभार. झाकण पूर्ण उघडं होतं, चौथरा नव्हता, चेलो गुळगुळीत फरशीवरच. मी पाचव्या रांगेत, पियानोच्या शेपटीच्या बाजूला.

गजवाला
झाकण त्या बाजूलाच उघडतं! पियानोचा सगळा आवाज तुमच्याकडे वळवलेला होता. पुढच्या वेळी डावीकडे बसून बघा, पियानोवाल्याचे हात दिसतील आणि चेलोही बरा मिळेल.

नवखा_श्रोता
मी फक्त सिम्फनी ऐकल्यात, त्याही मुंबईत एनसीपीएला. चेंबरकडे कधी वळलो नाही, दोनच वाद्यं म्हटल्यावर कंटाळा येईल असं वाटायचं. हा धागा वाचून ऐकावंसं वाटतंय. सुरुवात कुठून करू? ब्राह्म्सच?

थेम्सकाठचा
ब्राह्म्सच, पण दुसरा, एफ मेजर, ओपस ९९. १८८६ चा उन्हाळा ब्राह्म्सने स्वित्झर्लंडमध्ये थून सरोवराकाठी काढला आणि त्या एका उन्हाळ्यात हा सोनाटा, दुसरा व्हायोलिन सोनाटा आणि तिसरा पियानो ट्रिओ, असं सगळं लिहून काढलं. हा लिहिला रोबर्ट हाउसमानसाठी, योआखिम क्वार्टेटचा चेलोवादक, मोठ्या आवाजासाठी नावाजलेला. त्याच वर्षी नोव्हेंबरात व्हिएन्नात हाउसमान आणि ब्राह्म्सने तो पहिल्यांदा वाजवला.

सुरुवातच बघा, पियानोत थरथर चालू आहे आणि चेलो त्यावरून तुटक तुटक उड्या मारत वर जातो. इथे चेलोला वरच्या पट्टीत मोकळं सोडलंय, ई मायनरसारखं खर्जात कोंडलेलं नाही. चोवीस वर्षांनी ब्राह्म्सने तोल कसा वेगळा साधला ते या दोन सोनाटांत शेजारी शेजारी ऐकता येतं. नवखा, तुम्हाला हा लगेच धरेल.

पेडगावची_पमा
मी नवख्या माणसाला शोपाँ देईन. जी मायनर, ओपस ६५. त्यातला लार्गो, म्हणजे संथ भाग, जेमतेम तीन-चार मिनिटांचा आहे, एक वाक्य चेलोचं, एक पियानोचं, कोणीच घाईत नाही. शोपाँने तो त्याचा मित्र ओगुस्त फ्राँशोमसाठी लिहिला. १६ फेब्रुवारी १८४८ ला पॅरिसमध्ये शोपाँचा तिथला शेवटचा जाहीर कार्यक्रम झाला त्यात दोघांनी हा वाजवला, पण पहिली मूव्हमेंट वगळून. आठवड्याभरात पॅरिसमध्ये क्रांती, आणि पुढच्या वर्षी शोपाँ गेलाच. ज्याने आयुष्यभर जवळजवळ फक्त पियानोसाठी लिहिलं त्याने शेवटी शेवटी चेलोसाठी एवढं मन लावून लिहावं, याचं मला फार वाटतं. रोस्त्रोपोविच (चेलो) आणि आर्गेरिच (पियानो) यांचं ऐका.

आडाचौताल
पमाताई, लार्गो आत्ता ऐकला. हे मला कळलं. इथे दोघंही एकमेकांचं ऐकतायत. परत ऐकतोय.

बिनसाखर
आडाचौताल पाघळले! स्क्रीनशॉट काढून ठेवा रे.

म्हापसेकार
अवांतर. आमच्या गोव्यात व्हायोलिन जुनं, चर्चच्या शाळांमधून पोरांना सोल्फेज (स्वर वाचून गाणं) आणि व्हायोलिन शिकवायची पद्धत पोर्तुगीज काळापासूनची. पण चेलो हातात घेतलेला माणूस मी लहानपणी आमच्या वाड्यावर बघितला नाही. पहिल्यांदा चेलो ऐकला तो एका दगडी चॅपलमध्ये. गुंजणाऱ्या जागेत चेलो देवासारखा वाटतो पण पियानोचा खर्ज एकात एक मिसळून जातो, पियानोवाल्याला पेडल जवळजवळ सोडूनच द्यावं लागतं. तेव्हा मंद्रसप्तक, हॉललाही थोडा दोष द्या, सगळा बिचाऱ्या पियानोवाल्यावर नको.

रच्याकने, राखमानिनोवचा चेलो सोनाटा कोणी का काढला नाही? १९०१ चा, ब्रांदुकोवला अर्पण केलेला. त्यात तर पियानो नुसता समुद्र आहे. तिसरी मूव्हमेंट पियानोच सुरू करतो, चेलो नंतर येतो, आणि आला की मात्र सोडवत नाही.

काळीपांढरी
राखमानिनोव वाजवताना माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांची एकच खोड, आपलाच कॉन्चेर्टो (ऑर्केस्ट्रासोबत एका वाद्याची रचना) चाललाय असं वाजवतात. तो दुसऱ्या पियानो कॉन्चेर्टोच्या पाठोपाठच लिहिलेला आहे, त्यामुळे मोह होतो. मी त्यांना चेलोची ओळ गायला लावते आणि सोबत फक्त डावा हात वाजवायला. गाता गाता बोटं आपोआप हलकी होतात.

बिनसाखर
रेकॉर्डिंगांवर भांडण झाल्याशिवाय हा धागा पूर्ण होणार नाही. ई मायनरसाठी माझं मत श्टार्कर (चेलो) आणि शेबोक (पियानो). कोरडं, नेमकं, प्रत्येक स्वर जागच्या जागी. ड्यू प्रेचं मला अति होतं, सगळंच आतड्यातून.

मंद्रसप्तक
सपशेल अमान्य. पहिल्या मूव्हमेंटच्या शेवटी सगळं वादळ शमून ई मेजरमध्ये येतं ना, ते ड्यू प्रे ज्या हळुवारपणे सोडते तसं मी दुसऱ्या कोणाकडे ऐकलेलं नाही.

थेम्सकाठचा
रोस्त्रोपोविच आणि पियानोवर रुडॉल्फ झेर्किन. झेर्किन तेव्हा म्हातारा, रोस्त्रोपोविचचा आवाज धबधब्यासारखा, आणि तरी झेर्किन त्याला जागेवर ठेवतो. पण एक लक्षात घ्या, रेकॉर्डिंगमध्ये माइक चेलोच्या जवळ ठेवला की तोल तिथेच ठरतो. मंद्रसप्तकांच्या कानाला सवय लागलीय ती बहुधा माइकच्या तोलाची. हॉलमध्ये तो मिळणार नाही, आणि मिळावा असंही नाही.

पेडगावची_पमा
मधल्या मूव्हमेंटचं कोणी नावही काढलं नाही. ए मायनरमधला मिनुएट, जुन्या दरबारी नाचाच्या चालीचा. त्यातल्या ट्रिओमध्ये, म्हणजे मिनुएटच्या मधल्या भागात, पियानोचा उजवा हात चेलोचीच चाल बारीक स्वरांत लपेटून त्याच्यासोबत चालतो. तिथे कोण कोणाला झाकतोय हा प्रश्नच उरत नाही.

गजवाला
पमाताई, अगदी. आता मूळ प्रश्नाकडे येतो, कारण मंद्रसप्तकांची तक्रार तिसऱ्या मूव्हमेंटची आहे आणि ती मूव्हमेंट फ्यूग आहे, म्हणजे एकच विषय (छोटी चाल) वेगवेगळे आवाज एकामागून एक उचलतात, हे अजून कोणी बोललंच नाही.

विषय पहिल्यांदा पियानोच्या डाव्या हातात येतो, खाली, एकटा. सप्तकभर खाली उडी आणि मग तीन-तीनच्या गटात धावणारे स्वर. मग तोच विषय चेलो उचलतो. मग पियानोचा उजवा हात. म्हणजे इथे दोन वाजवणारे आहेत पण आवाज तीन आहेत, आणि त्या तिघांत चेलो एक. तो बऱ्याचदा दोन हातांच्या मधे असतो. चेलोला वरची चाल आणि पियानोला साथ, अशी मांडणी मनात धरून ऐकलं तर चेलो हरवल्यासारखाच वाटणार. हा विषय बाखच्या 'आर्ट ऑफ फ्यूग'मधल्या तेराव्या कॉन्ट्रापंक्टसशी खूप मिळताजुळता आहे, आणि बाखच्या फ्यूगमध्ये कुठलाच आवाज दुसऱ्याचा नोकर नसतो.

म्हणून कान कुठे लावायचा याचं माझं उत्तर, चेलोवर नको, विषयावर. ती खाली मारलेली उडी कोणाकडे गेली ते धरून ठेवा. आत्ता डावा हात, आत्ता चेलो, आत्ता उजवा. चेलोकडे उडी आली आणि तरीही ऐकू आला नाही, तर पियानोवाला चुकला. उडी दुसऱ्याकडे असताना चेलो मागे गेला, तर ते ब्राह्म्सला हवंच होतं.

आडाचौताल
हे पटलं. माझा जुगलबंदीचा दाखला फ्यूगला लावता येणार नाही, तो मी लार्गोपुरता ठेवतो. पण एक शंका आहेच. तिघांपैकी दोन आवाज एकाच माणसाच्या हातात, आणि तिसरा एकट्याचा. हा सामना बरोबरीचा कसा?

गजवाला
नाहीच आहे बरोबरीचा. वाजवताना ते दर क्षणी जाणवतं. शेवटी वेग वाढतो तेव्हा तर मी नुसता ओढला जातो. पण त्या ओढाताणीतच या मूव्हमेंटचा जोर आहे असं मला वाटतं, चेलो आरामात जिंकला असता तर ही मूव्हमेंट इतकी पेटली नसती.

मंद्रसप्तक
गजवाला, तुमचा प्रतिसाद वाचून तिसरी मूव्हमेंट स्वरलिपी समोर धरून दोनदा ऐकली. विषयाचा माग काढत ऐकताना खरोखरच वेगळीच रचना ऐकतोय असं वाटलं, डावा हात इतका बोलतो हे लक्षातच आलं नव्हतं. तरी त्या संध्याकाळबद्दलचं माझं मत कायम आहे, कारण चेलोकडे विषय येतो त्या जागा आता मला नक्की माहीत झाल्यात आणि त्यातल्या बऱ्याच जागी मला तेव्हा पेडलचा गदारोळच ऐकू आला होता. ब्राह्म्स सुटला, हॉल अर्धा सुटला, पियानोवाला नाही.

आता एक नवीन प्रश्न. या सोनाटाला चारऐवजी तीनच मूव्हमेंट का? कुठेतरी वाचलं की एक अडाजिओ (संथ मूव्हमेंट) होती आणि ब्राह्म्सने ती काढून टाकली.

काळीपांढरी
हो, अडाजिओ लिहिली होती, छापायच्या आधीच काढली. ओपस ९९ मधली एफ शार्प मेजरची संथ मूव्हमेंट, जिच्या सुरुवातीला चेलो गज बाजूला ठेवून बोटांनी तारा छेडतो, ती हीच जुनी अडाजिओ असावी असा तर्क काही अभ्यासकांनी केलाय. पुरावा नाही. मला तो तर्क पटत नाही, ते पिझिकाटो ज्या धिटाईने लिहिलंय ते मला १८८६ चाच ब्राह्म्स वाटतं. थेम्सकाठचा, तुमचं काय मत?

थेम्सकाठचा
मला उलट वाटतं. रात्री सवडीने लिहितो, दोन्ही स्वरलिप्या काढून बसतो आधी.